ऑरिनचे चौदा पॉइंट

आमच्या शेजारच्या ऑरिन स्कॉगेनने आयुष्यात एकही एल्क मारलेला नाही. हे आधीच सांगून टाकते. कारण तुम्ही कधी विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात आलात आणि शुक्रवारी संध्याकाळी हॅल्वरच्या बारमध्ये तळलेले मासे खायला बसलात, तर तुमच्या ताटात मासा पडायच्या आत ऑरिन तुम्हाला एल्कचं काळीज नेमकं कुठल्या फासळीमागे असतं ते सांगायला लागेल. तिथे बसणाऱ्या अर्ध्या माणसांना एल्कच्या पोटाचा नकाशा पाठ आहे. घोड्याएवढं हे हरीण जवळून पाहिलंय मात्र कोणीच नाही, ऑरिनने तर नाहीच.

एल्क पाहिजे तर आमच्याकडचा माणूस व्हायोमिंगला जातो. हजार मैल. आणि परराज्यातल्या माणसाला तिथे नुसती बंदूक घेऊन जाता येत नाही. फेब्रुवारीच्या आत अर्ज करायचा, मे महिन्यात सोडत निघते. नाव निघालं नाही की एक पॉइंट मिळतो. पॉइंट साठत जातात आणि जितके जास्त तितका चांगल्या रानाचा परवाना लागण्याचा संभव. परवाना लागला की सगळे पॉइंट संपले, पुन्हा शून्य. ऑरिनकडे चौदा होते. कोणी सैन्यातली वर्षं सांगतं, कोणी दारू सोडून झालेली वर्षं. ऑरिन पॉइंट सांगायचा.

"लायल, चौदा!" माझ्या नवऱ्याला तो कुंपणावरून ओरडून सांगायचा.

"वजन कमी झालं वाटतं," लायल म्हणायचा आणि गवत कापायचं यंत्र सुरू करायचा.

आता या चौदांपैकी पहिले नऊ पॉइंट खरं तर व्हर्नाचे. व्हर्ना त्याची बायको, म्हणजे तेव्हाची. ऑरिनला कॉम्प्युटरवर एका बोटाने अक्षर शोधावं लागतं. ते सापडेपर्यंत मागचं काय लिहिलं ते तो विसरतो. दर जानेवारीत व्हर्ना फॉर्म भरायची. नियमांचं जाडं पुस्तक ती वाचायची, कुठल्या क्रमांकाचा विभाग मागायचा ते ती ठरवायची. ऑरिन मागे उभा राहून तिला शिंगांचे फोटो दाखवायचा. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नऊ वर्षं व्हायोमिंगचे नकाशे पसरलेले होते आणि दोघं सिंकजवळ उभ्याने जेवायची. मी एकदा साखर मागायला गेले तर व्हर्ना म्हणाली, "विंड रिव्हरच्या डोंगराखाली बघ, तिथेच ठेवलीय."

पाच वर्षांपूर्वी तिने तोच नकाशा घडी घालून पर्समध्ये टाकला आणि व्हायोमिंगला निघून गेली. तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, दोन खोल्या, जुनी जीप. मला म्हणाली, "डोरीन, इतकी वर्षं तो जायचं ठरवतोय. म्हटलं, मी तरी बघून येते." ती आली नाही परत. दुसऱ्याच वर्षी तिने तिथली रहिवासी म्हणून साधा परवाना घेतला, हमरस्त्यापासून दीड मैलावर एक एल्क मारला आणि फोनवर मला ही बातमी कोथिंबीर स्वस्त झाल्याच्या सुरात दिली. ऑरिनला हे मी सांगितलं नाही. मी बोलघेवडी आहे, दुष्ट नाही. म्हणजे तेव्हा नव्हते.

ती गेल्यावर ऑरिन दर वर्षी तिच्याच जुन्या फॉर्मवरून जसंच्या तसं उतरवून अर्ज करायचा. या वर्षी मात्र फॉर्म त्याने स्वतःच्या डोक्याने भरला. दोन दिवस लागले. आणि विभाग निवडताना व्हर्नाने नऊ वर्षं लिहिलेला क्रमांक त्याने खोडून टाकला. "बायकी निवड होती ती," तो बारमध्ये म्हणाला. "मी खरं रान मागितलंय. रस्ता नाही, घर नाही, खांब नाही. जिथे पुरुष आणि एल्क, दोघंच."

"आणि एल्कला विचारलंस का?" हॅल्वर म्हणाला.

मे महिन्यात त्याचं नाव निघालं. गावभर गाडीचा हॉर्न वाजवत फिरला. मग तयारी सुरू झाली. अकरा सुऱ्या. उकळतं पाणी घातलं की जेवण होणाऱ्या चाळीस पिशव्या. उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र. त्यावरून त्याने पहिला निरोप माझ्या नवऱ्याला पाठवला, बारा फुटांवरून. एल्कचा आवाज काढायची एक लांब नळी आणली आणि गॅरेजात बसून ती फुंकायला लागला. तीन दिवसांनी पलीकडच्या मळ्यातली एक गाय कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि हलेना. डोंगर चढायचा सराव म्हणून पाठीवर वाळूची पोती बांधून तो दफनभूमीच्या टेकडीवर जायचा. ती टेकडी म्हणजे आमच्याकडे म्हणायला टेकडी. वर पोचल्यावर तो कोणाच्या तरी आजोबांच्या दगडाला धरून उभा राहायचा, चेहरा बीटासारखा. पाद्रीबाईंनी दोनदा चौकशी केली की याचे कोणी वारलेत का.

रविवारी मी व्हर्नाला फोन केला. दर रविवारी करतेच.

"लागला त्याला," मी म्हटलं.

"हो? कुठला विभाग?"

मी क्रमांक सांगितला. मग ती इतकी हसली की फोन खाली ठेवून पाणी प्यायला गेली.

"डोरीन, त्या विभागात जवळजवळ सगळं राखीव रान आहे गं. तिथे परराज्यातल्या शिकाऱ्याला एकट्याने शिकार करता येत नाही. धंदेवाईक वाटाड्या घ्यावा लागतो, नाहीतर इथला कोणी रहिवासी सोबत लागतो. म्हणून तर मी नऊ वर्षं तो क्रमांक टाळत होते. त्याला सांग, पुस्तक वाच म्हणावं."

मी दुसऱ्याच दिवशी पुस्तक घेऊन त्याच्या गॅरेजात गेले आणि ते पान उघडून त्याच्या नाकाखाली धरलं. त्याने चष्मा लावला, वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"हा नियम मूर्खांसाठी असेल," तो म्हणाला.

"मग तुला बरोबर लागू आहे."

बिचारा खाली बसला, जेवणाच्या पिशव्यांच्या खोक्यावरच. परवाना फक्त याच ऑक्टोबरचा. पॉइंट गेलेले. पुन्हा चौदा जमवायचे तर तो पंच्याहत्तरचा होईल. त्याने वाटाड्यांना फोन केले. ज्यांच्याकडे जागा होती त्यांचे दर ऐकून त्याने फोन कानापासून लांब धरला. बाकीच्यांकडे पुढची दोन वर्षं आधीच भरलेली. तिथे ओळखीचा रहिवासी कोण? आख्ख्या व्हायोमिंगमध्ये ऑरिन स्कॉगेनला ओळखणारं माणूस एकच.

पुढच्या रविवारी व्हर्ना स्वतःच म्हणाली, "मी नेते त्याला."

"तू?"

"इथल्या माणसाला त्यासाठी एक कागद घ्यावा लागतो, फुकट मिळतो. मी ऑक्टोबरचा पहिला आठवडा रजा टाकते. त्यातले नऊ पॉइंट माझे आहेत डोरीन, मला ते वाया घालवायचे नाहीत. फक्त त्याने मला फोन करायचा. त्याने. स्वतः. आणि विचारायचं."

"माफी-बिफी?"

"नको गं. नुसतं 'व्हर्ना, मला घेऊन जाशील का' एवढंच. पाच शब्द."

पाच शब्द. रोज बारमध्ये पाच हजार ओतणारा माणूस. मी निरोप पोचवला. ऑरिनने नळी खाली ठेवली.

"म्हणजे ती पुढे आणि मी मागे?"

"वाट तिला माहीत आहे."

"आणि हॅल्वरला काय सांगू? बायकोने बोट धरून नेलं?"

"आता बायको नाहीये ती. तेवढी तरी सोय आहे."

"बघतो," तो म्हणाला. ऑरिनचं 'बघतो' मला ठाऊक आहे. आमची शिडी त्याने तीन वर्षांपूर्वी 'बघतो' म्हणून नेलीय.

जून गेला, जुलै गेला. मी रोज खिडकीतून बघायचे, हा माणूस फोन उचलतो का. उचलायचा, ठेवायचा, मग गॅरेजात जाऊन नळी फुंकायचा. गाय यायची. सप्टेंबर उजाडला तेव्हा त्याच्या ट्रकवर तंबू, शेगडी, हरणाचं मांस वाहायची चौकट, नारिंगी जाकीट, सगळं बांधून झालं होतं. निघायच्या दिवशी बारसमोर वीसेक माणसं जमली. हॅल्वरने त्याला लोणच्यातल्या अंड्यांची बरणी दिली. कोणीतरी म्हणालं, "एकटाच जातोस?"

"पुरुष आणि एल्क," ऑरिन म्हणाला आणि हात हलवत गेला. मी लायलकडे पाहिलं. लायल ढग मोजल्यासारखा आभाळाकडे बघत होता.

व्हर्नाने कागद काढून ठेवला होता. रजाही घेतली होती. पहिल्या तारखेला ती जीपमध्ये पाणी, दोर, दोघांची दोन सँडविच घेऊन तयार बसली. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या शाळेतल्या एका बाईने सांगितलं की मोटेलमध्ये विस्कॉन्सिनच्या पाटीचा एक ट्रक उभा आहे आणि त्यातला माणूस सकाळच्या फुकट नाश्त्यात चार-चार वॉफल खातो आणि शेजारच्या टेबलाला एल्कचं काळीज कुठे असतं ते सांगतो.

चौथ्या दिवशी ती बघायला गेली. राखीव रानाच्या हद्दीवर लाकडी पाटी आहे. त्या पाटीच्या अलीकडे, अगदी चार पावलं अलीकडे, ऑरिन घडीची खुर्ची टाकून बसला होता. अंगात नारिंगी जाकीट, मांडीवर बंदूक, डोळ्यांना दुर्बीण. पलीकडे डोंगरावर एल्कचा कळप चरत होता म्हणे, व्हर्नाला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

"तू हाक नाही मारलीस?" मी फोनवर विचारलं.

"दहा मिनिटं गाडीत थांबले. म्हटलं, मागे वळून बघेल."

"मग?"

"मग मी दोन्ही सँडविच खाल्ली आणि आले."



रजा शिल्लक होतीच. ती स्वतःचा परवाना घेऊन नेहमीच्या ठिकाणी गेली आणि दुसऱ्या सकाळी एक मादी मारली.

ऑरिन अकराव्या दिवशी परतला, दाढी वाढवून. त्या शुक्रवारी हॅल्वरकडे बसायला जागा नव्हती. सहा-सहा फाट्यांची शिंगं, तीनशे यार्ड, वारा अचानक फिरला, आणि याने म्हणे नेम धरलेली बंदूक खाली घेतली. "असं जनावर जखमी करून सोडायचं नसतं," तो म्हणाला, आवाज जड करून. दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मी मासा खात होते. माझ्या तोंडात वॉफल, पाटी, खुर्ची, सगळं भरलं होतं. लायलने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि घरी जाईपर्यंत काढला नाही.

डिसेंबरमध्ये व्हर्नाचं पार्सल आलं. थर्माकोलच्या पेटीत गोठवलेलं मांस, कागदात नीट गुंडाळलेलं, वर तारीख. सोबत चिठ्ठी: 'निम्मं तुम्हाला. निम्मं त्याला जेवायला बोलावून घाल. काही सांगू नकोस, आधी खाऊ दे.'

रविवारी बोलावलं. मी ते गाजर-बटाट्याबरोबर चार तास मंद शिजवलं. ऑरिनने पहिला घास घेतला. मी काटा हातात धरून बघत राहिले. लायलही. चौदा वर्षं, अकरा सुऱ्या, एक खुर्ची. आता ओळखेल. आता थांबेल. मग मी सांगणार होते सगळं, कुठून आलं, कोणी मारलं, कोण गाडीत दहा मिनिटं बसलं होतं. वाक्यं मी आठवडाभर घासून ठेवली होती.

तो चावत राहिला. गिळलं.

"बीफ बरं आहे, डोरीन," तो म्हणाला. "जरा जास्त शिजलंय. तुम्ही लोकांनी एकदा एल्क खाऊन बघायला हवं. त्याच्यापुढे हे काहीच नाही."

"कसं लागतं ते?" लायलने विचारलं. फार निरागसपणे.

ऑरिनने काटा खाली ठेवला. बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. "वेगळं," तो शेवटी म्हणाला. "सांगता येत नाही." मग त्याने थाळी पुढे केली. "अजून आहे का गं?"

मी वाढलं. तिसऱ्यांदाही वाढलं. घासून ठेवलेली वाक्यं तशीच गिळली. या माणसाला सांगणं म्हणजे त्या गायीला सांगणं. उरलेलं डब्यात भरून दिलं. डबा परत येणार नाही हे धरूनच चाललेय.

तो गेल्यावर व्हर्नाला फोन केला.

"खाल्लं?"

"तीनदा."

"काय म्हणाला?"

"बीफ बरं आहे म्हणाला. जास्त शिजलंय."

ती हसेल म्हणून मी वाट पाहिली. ती हसली नाही. पलीकडे भांडं घासल्याचा आवाज येत होता.

"जानेवारी आला," ती थोड्या वेळाने म्हणाली. "फॉर्म कोण भरतंय त्याचा?"

"मी तर नाही."

"त्याला म्हणावं, विभाग तरी मला विचारून टाक."

"तुला फोन करून?"

"हो. फोन करूनच."

मी खिडकीतून बघितलं. ऑरिनच्या स्वयंपाकघरात दिवा होता. टेबलावर नकाशा पसरलेला. तो माझा डबा घेऊन सिंकजवळ उभ्याने खात होता.