सुरीनं उघडणारा दिवा

माझा पहिला सौरदिवा निंबाळकरबाईंनी मांजलपूरच्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून सरळ खाली सोडला. इंजिनिअरिंग संपवून मी नुकताच त्यांच्या हाताखाली आलो होतो, त्या दिव्यावर दोन महिने घासलो होतो. तुकडे वेचून वर आणले तर म्हणतात कशा, "बायांच्या हातून रोज पडणार तो. चालो, दुसरा कर."

बाई पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे. हुकूम सोडायची सवय तिथूनच आली असावी. सावली गावाच्या पुढे नदीकाठी, अजून वीज न पोचलेल्या एका वस्तीत त्यांनी गुजराती बायकांना दिवे करायला शिकवलं होतं. पाइपाचा तुकडा, वर स्टीलची वाटी, आत बॅटरी आणि चार स्क्रू. अट एकच: दिवा घरातल्या सुरीनं उघडला पाहिजे. "उघडता येत नाही तो आपला नाही. दुरुस्तीला दुसऱ्याकडे धावायची खोटी पंचात नको!"

एक मोठी संस्था हे दिवे घ्यायला तयार झाली. वस्तीतल्या बायकांना वर्षभर काम मिळालं असतं. पण संस्थेच्या साहेबांना दिवा सीलबंद हवा होता. "बायका उघडतील आणि बिघडवतील," ते म्हणाले.

"बिघडवू देत की! बिघडवल्याशिवाय दुरुस्ती कुणाला आलीय?"

मला मात्र धास्ती, ऑर्डर हातची जाणार. बाईंना न विचारता मी नमुन्याचे दिवे आतून चिकटवून टाकले.

साहेब वस्तीत आले तेव्हा बाईंनी दिवा आणि सुरी रमीलाबेनच्या हातात दिली. तिथली सगळ्यांत तरबेज बाई ती. स्क्रू निघाले, पण वाटी हलेना. सुरी वाकली. आपलंच काही चुकलं असं वाटून बिचारीचा चेहरा एवढासा झाला. बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, दिवा तिच्या हातातून घेतला आणि दगडावर आपटला.

"हा आमचा नाही," त्या साहेबांना म्हणाल्या. "या तुम्ही."

ऑर्डर गेली. परतताना मी भडकलो, "तुमच्या हट्टापायी बायकांचं काम गेलं!"

"आणि तुझ्यापायी रमीला चारचौघांत अडाणी ठरली. ते आधी निस्तर."

दुसऱ्या दिवशी बसनं जाऊन मी तिची माफी मागितली. आजही ते आठवलं की लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. हे काम आता चालायचं नाही, असं सांगायला मी वस्तीत गेलो. रमीलाबेन ओट्यावर स्क्रू पिळत बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं, उठली, नवा दिवा पेटवून डोक्यापर्यंत उचलला आणि हात सोडला.

दिवा आपटला, गडगडत माझ्या पायाशी आला. पेटलेलाच होता.

"जोयुं, भाई?" दिव्याकडे बोट करून ती म्हणाली. "आ अमारो."