मागच्या दारचा ग्राइंडर

मुलुंडला आमचं घर तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये सहा फुटांचा बोळ लागतो. आई होती तेव्हा तिथे तिच्या कुंड्या आणि कपड्यांची दोरी होती. ती गेल्यावर हळूहळू फुटक्या बादल्या, मोडका कूलर, कुणाच्या तरी सायकलचं चाक असं सगळं साठत गेलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी तो बोळ रिकामा केला, लोहारकाम करायला.

मी विम्याच्या ऑफिसात क्लेमचे कागद तपासते. आठवड्यातले तीन दिवस घरून काम. लग्न केलं नाही. घरात मी आणि बाबा, दोघंच. आई गेल्यापासून बाबा टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघत बसायचे. मी शेजारच्या खोलीत कीबोर्ड बडवायचे. असे दिवसचे दिवस जायचे. एकदा मोबाइलवर एका बाईला लालभडक सळईला पीळ देताना पाहिलं. तिने पीळ दिला आणि तो तसाच राहिला. माझ्या हातून दिवसभरात असं काहीच होत नव्हतं, जे संध्याकाळी उचलून बघता येईल. तो व्हिडिओ मी त्या आठवड्यात पंधरा-वीस वेळा पाहिला असेल.

भंगारवाल्याकडून ट्रकचा ब्रेक ड्रम आणला, त्याची भट्टी केली. खालून पाइप आणि पाइपाला माझा जुना हेअर ड्रायर, तोच भाता. ऐरण मिळेना, म्हणून कुठल्याशा प्रेसमधून निघालेला पोलादाचा ठोकळा घेतला. तो आत आणायला दोन माणसं लागली. वर पत्रा टाकला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुपारी बारा ते चार आवाज करायचा नाही या अटीवर होकार दिला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत असले की भट्टी पेटवायची नाही, असं मी त्यांना स्वतःहून जाऊन सांगितलं. सगळ्यांची परवानगी घेतली. बाबांना मात्र नीटसं विचारलं नाही. ते काय, टीव्ही बघत असतात, असं धरून चालले.

सगळ्यात शेवटी ग्राइंडर आला. टेबलाला बोल्टने बसवायचा, दोन बाजूंना दोन दगडी चाकं असलेला. मी तो खोक्यातून काढत होते तेव्हा बाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. दारातून त्यांनी तो बघितला. ग्लास तसाच ओट्यावर ठेवला.

"ह्या काय?"

"ग्राइंडर, बाबा."

"माका शिकव नको. ग्राइंडर म्हायत आसा माका. हय कित्याक आणलंस?"

चिडले की बाबा मालवणीत जात. मी म्हटलं, "माझा छंद आहे."

"छंद," ते म्हणाले. तो शब्द त्यांनी तोंडात घोळवून पाहिल्यासारखा केला. "एकतीस वर्षं ह्याच्यासमोर उभा होतो मी. छंद म्हणून कोणी उभं राहिलेलं बघितलं नाही." आणि मागचं दार ओढून घेतलं.

ते खरं होतं. मरोळच्या एका गाळ्यात बाबांनी एकतीस वर्षं ग्राइंडिंग केलं. ओतकामातून बिडाचे भाग यायचे, त्यांना साच्याची वाळू चिकटलेली असायची. ती चाकावर घासून काढायची, कडा साफ करायच्या, भाग पुढे द्यायचा. आम्ही लहान असताना ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्या राखाडी दिसायच्या. खोकला तेव्हापासूनचा. दोनदा त्यांना टीबीच्या गोळ्या दिल्या, सहा-सहा महिने. थुंकीत कधी काही सापडलं नाही, तरी दिल्या. घरात आम्ही सगळे "बाबांना टीबी होऊन गेला" असंच म्हणायचो. निवृत्त झाल्यावर ते जिना चढायचं टाळू लागले. तळमजल्यावर राहतो हे बरंच, असं म्हणायचे.

दहाएक दिवस ते बोळाकडे फिरकले नाहीत. मी सळयांचे अडकवायचे आकडे केले, वाकडेतिकडे. मग गाडीच्या स्प्रिंगचा एक पाटा आणला आणि त्याची कोयती करायला घेतली. ठोकून ठोकून आकार आला, पण धार काढायला चाकावर धरली की पातं निळं पडायचं. तिसऱ्यांदा निळं पडलं तेव्हा दार उघडलं.

"दाबतंस कित्याक गो? जळला बघ."

बाबा चौकटीला धरून उभे होते. मग खाली उतरले, दोन पायऱ्या, मध्ये थांबून. माझ्या हातातून पातं घेतलं. मला वाटलं होतं त्यांचे हात थरथरतील. चहाचा कप धरतानाही थरथरायचे. पण चाकासमोर ते हात स्थिर झाले. त्यांनी पातं चाकाला जेमतेम टेकवलं, एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा नेलं.

"ठिणगी बघ. फुटते ना टोकाला? फुलासारखी? म्हणजे चांगलं पोलाद आहे. बिडाची ठिणगी आखूड, तांबडी. आमच्याकडे अंधारात दोन तुकडे दिले तरी ठिणगीवरून सांगायचो."

मग खोकला आला. चाक थांबेपर्यंत ते भिंतीला टेकून खोकत राहिले. आत गेल्यावर त्यांनी डब्यातून गुळाचा खडा काढला, अर्धा मला दिला. "खा. धूळ उतरते." मी हसले. ते हसले नाहीत. गाळ्यात मालक रोज संध्याकाळी प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचा, म्हणाले. मास्क कधी दिला नाही, गूळ मात्र एक दिवस चुकला नाही. "आम्हाला वाटायचं माणूस चांगला आहे."

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. सकाळी माझं लॉगिन व्हायच्या आधी एक तास आणि शनिवारी-रविवारी सकाळभर. स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकचं स्टूल टाकून बाबा बसायचे आणि मला शिव्या घालायचे. "हात कुठे, डोळा कुठे!" "लोखंड काळं झालं, आता काय मारतेस, परत घाल भट्टीत." टीव्ही सकाळचा बंद झाला. ते जेवायला लागले. आईबद्दल बोलले, जे सहा वर्षांत कधी बोलले नव्हते. चाळीत असताना आईची विळी तेच गाळ्यावर नेऊन धार लावून आणायचे, आणि आई शेजारणींच्याही विळ्या त्यांच्या पिशवीत घालायची. पिशवी जड व्हायची, पण आई खूश असायची, म्हणाले.

मी त्यांना मास्क आणून दिला होता, चांगला, दोन्ही बाजूंना गोल फिल्टर असलेला. त्यात त्यांचा जीव गुदमरायचा. दोन मिनिटांत काढून मांडीवर ठेवायचे. मी एकदा-दोनदा ओरडले, मग ओरडणं सोडलं. मी स्वतः मात्र लावायचे.

दिवाळीनंतर त्यांचं वजन उतरू लागलं. छातीच्या एका डॉक्टरबाई गाठल्या. त्यांनी स्कॅन काढायला लावला, बाबांना पहिल्यांदाच कोणीतरी कामाबद्दल विचारलं, कुठे, किती वर्षं, काय घासायचात. मग बाबांना बाहेर बसवून मला आत बोलावलं.

"टीबी नव्हता हा," डॉक्टर म्हणाल्या. "वाळूची धूळ आहे. फुप्फुसं कडक झालीत. यावर औषध नाही, जे उरलंय ते जपायचं. घरात धूळ नको, धूर नको. उदबत्तीसुद्धा नको."

मी मान डोलावली. ग्राइंडरचं बोलले नाही. मी रोज दुसऱ्यांचे आजार वाचते, कोणी काय लपवलं ते शोधून काढायचं माझं काम आहे, आणि मी तिथे गप्प बसले.

घरी येऊन उदबत्त्या फेकून दिल्या. धूप, कापूर, मच्छर कॉइल, सगळं गेलं. जुनी कापसाची उशी होती तीही देऊन टाकली. शेजारी कुणाकडे रंगकाम निघालं तर मी जाऊन भांडले की आमच्याकडे पेशंट आहे. आणि बोळातली भट्टी चालू ठेवली. ती बाहेर आहे, मी स्वतःला सांगायचे. वारा असतो. त्यांचं स्टूल मी दारातून आत सरकवलं, तीन फूट. ते पुन्हा पुढे सरकवायचे.

एकदा मी आठवडाभर बंद ठेवलं. कारण सांगितलं, ऑफिसचं काम वाढलंय. आठव्या दिवशी बाबा म्हणाले, "डॉक्टरने काय सांगितलं ते कळलंय मला. बाहेर बसलो होतो, बहिरा नाही झालो."

"मग बंदच करू या."

"आणि मी काय करू? टीव्ही बघू?"

 ते उठले, स्टूल उचलून दारात ठेवलं, आणि त्याच्यावर बसून धापा टाकत माझी वाट बघत राहिले. मी गेले. मला जायचं नव्हतं असं आज म्हणू शकत नाही. मलाही ती सकाळ हवी होती. त्यांच्यासाठी चालू ठेवलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं.

मार्चमध्ये घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. नळी नाकात, त्यामुळे आगीजवळ बसायचा प्रश्नच मिटला. भट्टी त्या दिवशी विझवली ती विझवली. बाबा खाटेवरून विचारायचे, कोयतीला मूठ बसवलीस का? मी खोटं बोलायचे, बसवली. आणून दाखव म्हणायचे. उद्या दाखवते, मी म्हणायचे. सागाचा तुकडा आणून मूठ करायला अर्धा दिवस लागला असता. केली नाही. बोळात पाय ठेववत नव्हता.

मालाडहून दादा, माझा मोठा भाऊ, आला तो शेवटच्या पंधरवड्यात राहायलाच आला. एका दुपारी कपडे वाळत घालायला तो मागे गेला. बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले तर तो ऐरणीसमोर उभा होता. पत्र्याच्या आतल्या बाजूने, भिंतीवर, मोरीच्या नळावर, सगळीकडे बारीक करडा थर बसला होता. त्याने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं, जिथे बाबा डोकं टेकून बसायचे. बोट माझ्यासमोर धरलं.

"हे काय आहे?"

मी बादलीतला ओला कपडा उचलला.

"तुला माहीत होतं ना? डॉक्टरने तुला सांगितलं होतं ना?"

"हो."

"आणि तू त्यांना इथे बसवलंस."

"ते बसायचे."

"तू बसवलंस," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते. बोट पँटला पुसून तो आत गेला.

बाबा त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी गेले. शेवटचे दोन दिवस बोलता येत नव्हतं. दर श्वासाला खांदे वर यायचे, आणि प्रत्येक श्वास कुठूनतरी ओढून आणावा लागत होता. दादा एका बाजूला, मी एका बाजूला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. तेराव्याला आम्ही सगळं नीट केलं, लोकांना जेवायला वाढलं. दादाने जाताना बॅग उचलली आणि "येतो" म्हणाला. तो आता फोन करतो, सणाला. कशी आहेस विचारतो. त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

महिन्याभराने मी बाबांचे जुने रिपोर्ट दाखवायच्या निमित्ताने डॉक्टरांकडे गेले. खरं तर एकच गोष्ट विचारायची होती. सगळं सांगितलं, स्टूल, मास्क, सकाळचा एक तास. त्या ऐकत राहिल्या.

"मुख्य नुकसान जुनं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या महिन्यांनी किती फरक पडला, ते मी सांगू शकत नाही."

"थोडा?"

"सांगू शकत नाही. शून्यही म्हणणार नाही."

मी आभार मानून बाहेर आले. रिपोर्ट त्यांच्या टेबलावरच राहिले.

भट्टीचा ड्रम आणि ठोकळा भंगारवाला घेऊन गेला. भिंत मी स्वतः धुतली, तीन वेळा, मास्क लावून. ग्राइंडर तेवढा जवळजवळ नवा होता, म्हणून फोटो काढून मोबाइलवर विकायला टाकला. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले, भांडुपचे, पन्नाशीचे. बँकेत होते. त्यांनी चाक हाताने फिरवून पाहिलं, खूश झाले. घरीच एक कोपरा केलाय, म्हणाले, चाकू बनवायला शिकतोय, व्हिडिओ बघून.

"कोपरा म्हणजे कुठे?"

"बाल्कनी. बंद करून घेतलीय, काचा लावून. शेजाऱ्यांना आवाज नको."

"घरात कोण कोण असतं?"

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "बायको, मुलगी. आई आहे, तिला दमा आहे, म्हणून तर बाल्कनीत."

मी त्यांना सांगायला सुरुवात केली. धूळ डोळ्यांना दिसते ती नव्हे, दिसत नाही ती आत जाते. एक्झॉस्ट पंखा हवा, ओलं कापड हवं, मास्क सगळ्यांना हवा, काम झालं की कपडे वेगळे धुवायचे. माझा आवाज चढत होता हे मला कळत होतं. ते "हो, हो, बरोबर" म्हणत होते आणि ग्राइंडरच्या बोल्टची मापं मोबाइलवर लिहून घेत होते.

"घेऊन जाऊ का आज? गाडी आणलीय."

"नाही," मी म्हटलं. "विकायचा नाही."

"अहो, मग टाकलात कशाला? मुद्दाम गाडी काढून आलो मी."

"चूक झाली. सॉरी."

ते पुटपुटत गेले. फाटकापाशी थांबून फोनवर कुणाला तरी सांगत होते, बाई डोक्याने जरा हललेली दिसते. मी मागचं दार लावलं आणि मोबाइलवरची जाहिरात काढून टाकली. त्यांनी दुसरीकडून घेतलाच असणार. नवे मिळतात, दोन दिवसांत घरपोच येतात.