दादाची पाठ आणि माझा पायाळू पाय

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, आणि चाकणजवळच्या आमच्या गावात तेवढ्यावर मला लहानपणापासून मान होता. कुणाच्या कंबरेत उसण भरली, वाकता-उठता येईना, की तो माणूस आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडे. पायाळूची लाथ बसली की उसण जाते अशी सगळ्यांची खात्री. आई मला अभ्यासावरून उठवी, मी हलकीशी लाथ मारी आणि पुन्हा पुस्तकाकडे वळे. पुढे मी बी.एस्सी. झालो, पिंपरीला तेव्हा नव्यानंच निघालेल्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. तरी गावाला माझ्या पदवीपेक्षा पायाचंच कौतुक जास्त होतं.

त्या पदवीत निम्मा वाटा माझ्या थोरल्या भावाचा. वडील गेले तेव्हा दादानं शाळा सोडून औत धरलं, म्हणून मला कॉलेजचं तोंड दिसलं.

एका रविवारी सकाळी हाच दादा माझ्या पिंपरीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. बटाट्याच्या ट्रकात बसून आला होता. अंग एका बाजूला कललेलं, एक हात कंबरेवर.

"काय झालं रे दादा?"

"काय न्हाई. पोतं उचलताना कळ आली. पाय लाव आन् मोकळं कर मला. दुपारच्याला माघारी जायाचंय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"चाकणात हाय की डाक्टर. पर त्यो काय पायाळू हाय व्हय?"

एवढं बोलून तो फरशीवर पालथा पडलासुद्धा. मी सवयीनं पाय उचलला. तेवढ्यात तो तोंड जमिनीकडे ठेवूनच म्हणाला, "डाव्या पायाला मुंग्या आल्यात, त्या बी जात्याल का बघ."

माझा पाय तसाच अधांतरी राहिला. पाठीच्या दुखण्यातलं मला काही कळत नव्हतं. पण कळ कंबरेत आणि मुंग्या पायात, हे मला नुसत्या उसणीसारखं वाटेना. त्याच्या पायावर घर, शेत, तीन लेकरं उभी होती. तो पाय माझ्या लाथेनं गेला तर? मी पाय खाली घेतला.

"मारतोस का मुहूर्त बघतोस?"

"दादा, आधी डॉक्टरकडे जाऊ."

"वा रं सायब! गावाला पाय, आन् भावाला डाक्टर?"

ते मला लागलं. तरी त्याला हाताला धरून मी कारखान्याच्या डॉक्टरांच्या घरी नेलं. हे डॉक्टर आधी लष्करात होते. जखमी जवानांना पुन्हा चालतं करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यांनी दादाला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, लघवीला काही त्रास होतो का विचारलं. मग खाटेवर निजवून पायाच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं.

"उचल अंगठा. अजून जोर लाव. जेवत नाहीस काय?"

"बोट मोडंल तुमचं," दादा म्हणाला.

"मोडू दे! म्हणजे पाय शाबूत आहे." डॉक्टर हसले, आणि मी भिंतीला टेकलो. शीर दुखावली आहे, पण पायातली ताकद गेलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. ताकद कमी होऊ लागली किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच पावली पुण्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं.

"पोतं कसं उचललंस?"

दादानं हातानं दाखवलं. गुडघे ताठ, कंबरेतून वाकून एकच हिसका. "बसून उचललं तर बाजारात हसत्यात, सायेब."

"बैलगाडी भरताना सगळा माल मागच्या टोकाला लावतोस?"

"छ्या! उलाळ व्हती की गाडी. जू वर, बैलं लोंबकळत."

"मग पोतं अंगापासून हातभर लांब धरतोस तेव्हा तुझ्या कंबरेचं काय होत असेल?"

डॉक्टर सांगत गेले. गुडघ्यात वाक, पोतं छातीशी घे, मांड्यांच्या जोरावर ऊठ. वळायचं तर पावलं टाकून वळ, कंबरेत पीळ देऊ नको. जड असेल तर दुसऱ्याला हाक मार. आत्ता मात्र फळीवर निजायचं. कळ उतरली की चालायचं, आणि उताणं निजून, गुडघे मुडपून कंबर सावकाश उचलायची. मुंग्या वाढल्या तर तिथंच थांबायचं. हल्लीचे डॉक्टर एवढं निजवत नाहीत, लवकर हिंडायला लावतात. तेव्हाची रीत ती होती.

"समदं करतो," दादा म्हणाला, "पर भावाचा पाय लागाय पायजे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "टेकवा. पण माशी बसल्यासारखा. भार दिलात तर तुम्हालाही शेजारी निजवीन."

दादा माझ्याकडेच राहिला. कारखान्यातून खोक्यांच्या फळ्या मागून आणून मी त्याला अंथरूण केलं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी त्याच्या कंबरेला पाऊल टेकवी आणि तो डोळे मिटून घेई. एका सकाळी त्यानं डावा पाय हलवून पाहिला. मग म्हणाला, "मुंग्या न्हाईत आज." मी त्याला पुन्हा विचारलं, अंगठा उचलायला लावला, पुन्हा विचारलं. त्या दिवशी कामावर मला उशीर झाला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

सुगीत गावी गेलो तेव्हा दादा अंगणात गाडी भरत होता. गुडघ्यात वाकला, पोतं छातीशी घेतलं, उठला, पावलं टाकत वळला. कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं, "काय राव, म्हातारं झाला का? बसून उचलताय!"

"तुजी गाडी उलाळ झाली म्हंजी कळंल," दादा मागं न बघता म्हणाला.

ओट्यावर एक शेजारी माझी वाट बघत पालथा पडला होता. मी चपला काढल्या, तर दादानं मला हातानं मागं सारलं. त्या माणसाला उताणा करून त्याच्या पायाच्या अंगठ्यावर त्यानं बोट ठेवलं.

"उचल," तो म्हणाला. "अजून. जेवत न्हाईस व्हय रं?"