हेस्टरबाईंचा भोपळा

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदरात खलाशांचे कपडे धुण्यात हेस्टर बडनचा जन्म गेला. नवरा समुद्राने नेला, मुलगा आरमारात. घरात उरल्या दोघी, म्हातारी आणि सून आयव्ही. महायुद्ध पेटलं आणि परसात पत्र्याचा बॉम्बनिवारा अर्धा जमिनीत पुरून वर माती लोटली, तेव्हा म्हातारीने साफ सांगितलं, "जिवंतपणी मी मातीखाली जायची नाही!" हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की ती जिन्याखालच्या फडताळात जाऊन बसे. आयव्ही विनवण्या करून थकली, भांडली, रडलीसुद्धा. म्हातारी ढिम्म.

निवाऱ्यावरची माती मात्र तिने सोडली नाही. तिथे भोपळा लावला. शनिवारी चर्चच्या सभागृहात सगळ्यात मोठ्या भोपळ्याला बक्षीस होतं, त्यामुळे गल्लीतल्या निवाऱ्यानिवाऱ्यावर वेल चढले होते. हेस्टरचा पट्टेरी भोपळा तर तान्ह्या बाळाहून मोठा झाला! रेशनची साखर पाण्यात विरघळवून लोकरीच्या धाग्याने ती देठाला पाजायची आणि स्वतः बिनसाखरेचा चहा प्यायची. पोटच्या पोराचेही तिने एवढे लाड केले नव्हते.

गुरुवारी भरदुपारी भोंगा झाला. विमानांची घरघर थेट डोक्यावर! म्हातारी फडताळाकडे वळली. आयव्हीच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, सुरी उचलून ती परसात धावली आणि तिने भोपळ्याचा देठच कापला.

"अगं सटवे! दोन दिवस राहिले होते!" दारातून म्हातारी किंचाळली.

"हवा असेल तर या आत!" भोपळा कवटाळून आयव्ही निवाऱ्यात उतरली.

सपाता फटफटवत, शिव्यांची लाखोली वाहत हेस्टर मागोमाग आत शिरली, तोच जमीन हादरली. कानठळ्या बसल्या, अंगावर माती पडली.

बाहेर आल्या तेव्हा घराची मागची बाजू नव्हती. जिना नाही, फडताळ नाही, नुसत्या विटा. 

"आई, तुमचं बक्षीस..." आयव्हीने भोपळा पुढे केला.

"बक्षीस गेलं उडत! पातेलं शोध."

तिथल्याच विटांची चूल मांडली. गल्ली ताटल्या घेऊन लोटली, हसली, रडली, भोपळा फस्त झाला. इतक्यात पुन्हा भोंगा. आयव्ही सासूला शोधत फिरते, तर निवाऱ्यातूनच आवाज आला, "अगं, मरायला उभी आहेस का तिकडे! लवकर आत ये. तुला काही झालं तर मी भांडू कोणाशी?"