नसीमचा राहून गेलेला दौरा

नसीम शिकलगार नाटकांचं नेपथ्य करायची. बुधवार पेठेत वडिलांचं कात्र्यांना धार लावायचं दुकान होतं, हाताला हत्यारांची सवय तिथलीच. पण नाट्यसंस्थांना तिच्याकडून एकच हवं असे, दिवाणखाना. डावीकडे जिना, उजवीकडे खिडकी, मध्ये सोफा. बारा वर्षांत असे चाळीसेक दिवाणखाने तिने उभे केले. जाहिरातीत नाव यायचं ते 'साहाय्य' म्हणून, तेही बारीक टाइपात.

स्वतःचं काही करायला जागा असावी म्हणून तिने बिबवेवाडीतली बंद पडलेली पिठाची गिरणी भाड्याने घेतली. पडदे रंगवायला शेजारच्या वासंती आणि शालू आल्या, मग त्यांच्या जावा, मग अख्खी गल्ली. बायका जुन्या साड्या जोडून पडदे शिवायच्या, कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायच्या, घरातली भांडणं नाटक करून दाखवायच्या आणि पोट धरून हसायच्या. वर्षभरात दर शनिवारी गिरणीत प्रयोग होऊ लागला. नसीमची नसीमताई झाली.

आणि तिथेच ती अडकली. शाळेचं स्नेहसंमेलन, गणपतीची आरास, उरुसाची कमान, कुणाच्या नवऱ्याची समजूत, सगळं ताईंकडे. कागद पसरून चार रेघा मारायलाही तिला कोपरा उरला नाही.

एकोणनव्वद साली दिग्दर्शक गोपाळकृष्ण जोगळेकर गिरणीत आले.

"नसीमबाई, दिवाणखाना नकोय. मोकळा रंगमंच देतो, काय उभं करायचं ते तुम्ही ठरवा. सहा महिने दौरा. नाव तुमचंच, मोठ्या टाइपात."

ती लगेच कागद शोधू लागली. पण मागे वासंती मुखवट्याला खळ लावत होती. गिरणीचा मालक तर टपूनच होता. आठवडाभर गिरणीला कुलूप दिसलं असतं, तर त्याने जागा परत मागितली असती. आपण गेलो की हे सगळं मोडणार, हे नसीमने मनाशी धरलं. दोन दिवसांनी तिने नाही कळवलं.

ते नेपथ्य दुसऱ्याने केलं. नसीम तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसली. प्रत्येक प्रवेशात ती मनातल्या मनात रंगमंचावरचे खांब हलवत राहिली. मध्यंतरात उठून घरी आली.

पुढे कित्येक दिवस ती सगळ्यांवर खेकसत होती. एका शनिवारी शालू म्हणाली, "ताई, हल्ली फार चिडता."

"तुमच्यासाठी दौरा सोडला मी!"

शालूने सुई खाली ठेवली. "आम्ही म्हणालो होतो, सोडा?"

"नाही."

"मग विचारायचं तरी. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

आपल्याला कुणी अडवलंच नव्हतं, हे ऐकून नसीमला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आता राग धरायला कुणी उरलं नव्हतं.

दोन वर्षांनी एका लहान नाटकाबरोबर ती सोलापूरला गेली, बारा दिवसांसाठी. नाव छापून आलं. पण नेपथ्यातल्या तंबूचं कापड ताणताना लक्ष सारखं गिरणीकडे. तिसऱ्या दिवशी तिने एसटीडी बूथवरून गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात फोन लावून शालूला बोलावून घेतलं.

"सगळं झकास चाललंय," शालू म्हणाली. "ठेवू का? तालीम खोळंबलीय."

फोन बंद झाला. नसीमने रिसीव्हर ठेवला, आणि त्या सहा महिन्यांच्या दौऱ्यातही गिरणी अशीच चालली असती, हे मनाशी मोजत ती तंबूकडे परत गेली.