दोरीच्या पलीकडे

पोहण्याच्या तलावाचा तो औषधी वास नाकात गेला, की मी दोरीच्या चुकीच्या बाजूला मारलेली उडी आठवते. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत तेव्हा मुलांच्या संघाबरोबरच आम्हा पोट सुटलेल्या मंडळींचाही सराव चाले; मधे एक दोरी, अलीकडे आम्ही, पलीकडे पोरं. माझी लेक त्या पोरांत होती आणि त्या सकाळी शर्यत लावून स्पर्धेसाठी तिची निवड ठरणार होती. माझा चष्मा काठावर, रबरी टोपी कानांवर. "काका, थंय नको!" तिथे उडी नको, म्हणून काठावरची पोरं ओरडली, आणि मला वाटलं, कौतुकच चाललंय! उडी पडली ती थेट पलीकडे. दचकून तोंड उघडलं नि अर्धा तलाव प्यालो. शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असलेली लेक वळली, काखेत हात घालून तिनं मला काठाला आणलं. तोवर बाकीची पोरं भिंतीला पोचली होती. तिची निवड हुकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि सगळ्यांदेखत मी तिच्यावरच खेकसलो, "थांबलीस कित्याक गो, कशाला? मी काय बुडत होतो?" ती पुन्हा तलावावर आली नाही. आज ती सासरी सुखात आहे, मला मात्र अजून तिची माफी मागता आलेली नाही. त्या दिवशी घरी माझा ओला टॉवेल वाळत घालताना बायको म्हणाली, "अहो, निवडीसाठी रडत नाही ती. विचारत होती, आई, मी किती भ्याले ते बाबांना कळलंच नाही?"