झाडलेलं घर

धानोऱ्याच्या भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, दगूबाईचं घर अगदी टोकाला होतं. तिचा नवरा आमशा भगत होता. सुपात दाणे टाकून कुणाला काय बाधलंय ते सांगायचा. तो गेला आणि वर्षाच्या आत दगूबाईनं मिशनच्या भटू मास्तरांकडून बाप्तिस्मा घेतला. लाकडी देव, मोरपिसांचा कुंचा, शेंदराची डबी, सगळं तिनं नदीत सोडलं. देवांचा कोपरा खरवडून सारवून काढला आणि त्या रात्री ती गाढ झोपली.

मास्तर दर रविवारी चिंचेखाली प्रभूचे दाखले सांगत. पेरणाऱ्याचा, हरवलेल्या मेंढराचा दाखला दगूबाईला चटकन उमगे. त्यातली माणसं तिच्या रोजच्या बघण्यातली होती. एका रविवारी मास्तरांनी वेगळाच दाखला काढला. एक भूत माणसातून निघून गेलं. कोरड्या माळांवर हिंडलं, कुठं विसावा मिळेना. मग म्हणालं, आपल्या जुन्या घरी जाऊ. येऊन बघतं तर घर रिकामं, झाडलेलं, नीटनेटकं. मग ते गेलं आणि आपल्याहून वाईट अशी सात भुतं घेऊन आलं.

 दगूबाईनं विचारलं, "मास्तर, ते भूत उनं तवय घरधनी कोठे व्हता?"

"घर म्हणजे माणूसच, बाई," मास्तर म्हणाले. "मन रिकामं ठेवू नये, एवढा अर्थ."

तिचं समाधान झालं नाही. घरी आली तेव्हा दुपार होती. दारात उभी राहून तिनं त्या कोपऱ्याकडे पाहिलं. स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की कुणासाठी तरी आवरून ठेवल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी तिनं सारवण केलं आणि पाणी आणायला गेली. परतली तेव्हा ओल्या सारवणात पावलं उमटली होती, उंबऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं. कोपऱ्यात कुणी नव्हतं. तिनं पावलं पुसली. चार दिवसांनी सारवलं तर पुन्हा उमटली. शेजारचा कुत्रा आधी चुलीपाशी येऊन पडायचा, आता अंगणातूनच मागे वळायचा.

तेव्हापासून दगूबाईनं केरसुणी हातात धरणं सोडलं. ज्वारीचा भुसा, राख, पाला, सगळं जागच्या जागी साचू लागलं. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. मास्तर समजवायला आले तर म्हणाली, "त्याले झाडेल घर लागस. तुम्हीच सांगं ना."

मास्तरांनी हात जोडले. प्रार्थना करून ते गेले.

त्याच साली दिवाळीच्या सुमाराला मानमोडीची साथ आली. सकाळी ताप, दुसऱ्या सांजेला माणूस गार. सरण रचायला धडधाकट हात उरले नाहीत. गावानं दारं लावून घेतली.

अशाच एका टळटळीत दुपारी दगूबाईच्या दारात माणसं येऊन उभी राहिली. डोक्यावरून घोंगड्या ओढलेल्या, तोंडं झाकलेली. दगूबाईनं मोजली. सात.

 दार लोटून घ्यावं म्हणून ती उठली आणि दाराची फळी धरून तशीच उभी राहिली.

"कोन शेतस तुम्ही?"

पुढची बाई खोकली. "डोंगरवरून उनूत. पानी दे माय. कोनी दार उघाडत नही."

दगूबाईनं फळी सोडली. "आत या," ती म्हणाली. "पन ध्यानमा ठेवा, आठे या घरमा मी राहस."

माणसं आत आली आणि भुशावरच आडवी झाली. सर्वांत मागची बाई मात्र कुणी न सांगता सरळ देवांच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

पाच दिवस दगूबाई पेज शिजवत होती, कपाळावर ओली फडकी ठेवत होती. कोपऱ्यातल्या बाईपुढेही ती वाटी सरकवे. थोड्या वेळानं वाटी रिकामी असे. खाताना मात्र तिला कुणी पाहिलं नाही.

तिघं गेली, तिघं वाचली. वाचलेल्यांत दिवाल्या आणि त्याची बायको कमली होती. सहाव्या दिवशी कोपरा रिकामा दिसला तेव्हा दगूबाईनं विचारलं, "तुम्हनी सातवी कोठे गई?"

कमली म्हणाली, "आम्ही सहाच व्हतूत. ती तुन्ह्याच घरनी शे असं वाटनं आम्हले."

दगूबाईनं कोपऱ्यात बसून भुसा चाचपून पाहिला. जे यायचं ते येऊन, पेज खाऊन गेलं होतं. मग उठली, केरसुणी शोधली आणि घर झाडायला लागली. कमली तापातून उठलेली असूनही सुपली घेऊन मदतीला आली.

दिवाल्या आणि कमली डोंगरात परत गेली नाहीत. दगूबाईच्या अंगणातच त्यांनी झोपडी घातली, त्यांना मुलंबाळं झाली. भटू मास्तरांनी तो दाखला पुढेही सांगितला. अर्थ मात्र ते दगूबाईला विचारत आणि ती म्हणे, मी अडाणी, मला काय कळतं.

बऱ्याच वर्षांनी, वाळवणाच्या मिरच्या राखत दोघी अंगणात बसल्या होत्या, तेव्हा कमलीनं विचारलं, "माय, तिन्हं तोंड देखं व्हतं का तू?"

"देखं," दगूबाई म्हणाली. "एकदा पेज देताना."

"कसं व्हतं?"

"भुक्या माणूसनं राहस तसं. दुसरं काय?"

आणि तिनं कमलीला मिरच्या पालथ्या घालायला सांगितल्या.